धुऊन होईल तेवढी काळजी

दुधाची पिशवी धुण्याची एक पद्धत करोनाच्या भीतीने २०२० च्या मार्चमध्ये मुंबईत जवळजवळ प्रमाण होऊन बसली होती. दाराच्या कडीला टांगलेली कापडी थैली घरात घ्यायची नाही. आतल्या पिशव्या दोन बोटांनी उचलून थेट मोरीत न्यायच्या. साबणाचा हात, वरून पाण्याची धार, मग ताटात तिरक्या ठेवून निथळायच्या, पुसायच्या, कात्रीने कोपरा कापून दूध पातेल्यात ओतायचं आणि पातेलं गॅसवर चढवायचं. इथवर ठीक. घोळ व्हायचा तो पुढे. पिशवीबरोबर हातही धुतले गेलेच आहेत, या भरवशावर तेच हात रिकाम्या पिशवीला, कात्रीला, गॅसच्या बटणाला आणि फ्रिजच्या दांड्याला बिनदिक्कत लागायचे. हात धुवायचे ते सगळ्यात शेवटी, पिशवी कचऱ्यात गेल्यावर. एवढा क्रम सांभाळला असता तर पिशवीची आंघोळ वगळूनही भागलं असतं, कारण दूध तर तसंही उकळायचंच होतं. आणि पिशवीला सुईएवढं भोक असलं की साबणाचं पाणी आत जायचं, दूध नासायचं आणि बोल लागायचा दूधवाल्याला.

ही धुलाई आली कुठून, ते आता नीट सांगता येतं. ९ मार्चला, ऐन होळीच्या दिवशी, दुबईहून आलेल्या पुण्याच्या जोडप्याला लागण झाल्याचं कळलं. ११ तारखेला मुंबईत पहिले दोन रुग्ण सापडले. १७ तारखेला अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे आकडे छापून आले: विषाणू प्लास्टिकवर आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत टिकतो, पुठ्ठ्यावर २४ तास, तांब्यावर ४ तास. दुसऱ्या दिवसापर्यंत ‘७२ तास’ घरोघरी पाठ झालं होतं आणि माळ्यावरचे तांब्याचे लोटे खाली उतरले होते. त्याच प्रयोगातला दुसरा आकडा मात्र कुणी पुढे पाठवला नाही. प्लास्टिकवर विषाणूची मात्रा साधारण पावणेसात तासांत निम्मी होत होती, म्हणजे एका दिवसात ती दहाव्या हिश्श्याच्याही खाली जात होती. शिवाय प्रयोगात वापरलेला डोस दमदार होता, दूधवाल्याच्या बोटांवर तेवढा असण्याचं काही कारण नव्हतं.

पण ७२ तास म्हटलं की करण्याजोगं काहीतरी हाती लागतं, हे खरं. पार्सल तीन दिवस जिन्यात ठेवा. नोटा तीन दिवस डब्यात ठेवा. काही घरांत नोटांवर इस्त्री फिरली. आपल्या नोटेचा कागद कापसाचा, तो उष्णता बऱ्यापैकी सोसतो, पण मधला सुरक्षा धागा सोसत नाही. तो आक्रसतो, नोट तिथे चुरगळते आणि मग तीच नोट वाणी घेत नाही. नाणी साबणाच्या पाण्यात टाकणारे त्या मानाने शहाणे.

एप्रिलमध्ये हापूस आला आणि धुण्याच्या या वेडाने खरं नुकसान केलं. बाजार बंद, म्हणून देवगड-रत्नागिरीचे बागायतदार थेट सोसायट्यांच्या फाटकात पेट्या उतरवू लागले. आंबे आले तसे बादलीत गेले, कुणी साबणाच्या, कुणी मिठाच्या, कुणी सोड्याच्या. कच्चा किंवा अर्धाकच्चा आंबा ओला करून पुन्हा गवतात ठेवला की देठाशी पाणी मुरतं, तिथून काळा डाग सुरू होतो आणि चारपाच दिवसांत फळ आतून खराब होतं. आंबा कोरडाच ठेवायचा, एका थरात, देठ खाली करून, गवतात किंवा कागदात. रोज एकदा हात फिरवून पिकलेले बाजूला काढायचे आणि खायच्या आधी तासभर पाण्यात बुडवायचे. ही शेवटची पायरी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. चीक आणि उष्णता जावी म्हणून ती करतात, पण धुण्याची हौस भागवायला तीच पुरेशी होती. बाकी भाजीला साबण लावू नये, हे तर सांगावं लागू नये. फ्लॉवरच्या तुऱ्यांत आणि पालेभाजीच्या देठांत बसलेला साबण कितीही पाणी घातलं तरी निघत नाही, आणि ऐन साथीत पोट बिघडलं तर दवाखान्यात जायची भीती निराळीच. वाहतं पाणी, नंतर कोरडं करणं, झालं.

सॅनिटायझरची कथा वेगळी, कारण ती वस्तूच मिळेना. २१ मार्चला सरकारने २०० मिलिच्या बाटलीचा भाव १०० रुपयांवर बांधला, आणि बांधलेल्या भावाची बाटली दुकानातून अदृश्य झाली. मग घरगुती कारखाने निघाले. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं स्पिरिट दोन भाग, कोरफडीचा गर एक भाग. मिश्रण दिसायचं छान, वास यायचा खरा, पण त्यात अल्कोहोल उरायचं जेमतेम ४७ टक्के. किमान ६० लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची कृती दहा लिटरची आहे: ९६ टक्क्यांचं इथेनॉल ८३३३ मिलि, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलि, ग्लिसरीन १४५ मिलि आणि उरलेलं उकळून गार केलेलं पाणी. तयार मिश्रण बाटल्यांत भरून ७२ तास तसंच ठेवायचं. यातलं पेरॉक्साइड हातावरच्या विषाणूसाठी नसतं, बाटलीत शिरलेल्या जिवाणूंच्या बीजाणूंसाठी असतं. तेवढ्यासाठीच ते तीन दिवस. आणि शुद्ध १०० टक्क्यांचं अल्कोहोल आणखी जालीम असेल, हा समज उलटा आहे. प्रथिनं मोडायला पाणी लागतं, शिवाय शुद्ध अल्कोहोल काम व्हायच्या आतच उडून जातं. घरात नळ असताना मात्र साबणच उजवा. या विषाणूचं बाहेरचं वेष्टण स्निग्ध आहे आणि तेलकट कढई काय लावल्याने सुटते हे मुंबईच्या कुठल्याही मोरीला माहीत आहे. सॅनिटायझर चोळून लगेच देवापुढे निरांजन लावायला जाऊ नये, एवढंच जाता जाता. हात पूर्ण कोरडा व्हायला वीस-तीस सेकंद लागतात आणि अल्कोहोलची ज्योत उजेडात दिसतही नाही.

सोसायट्यांनी ‘हायपो’चे, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणाचे, पाच लिटरचे कॅन आणले, नाहीतर ब्लीचिंग पावडर. साधी पावडर, ३० ते ३३ टक्के क्लोरीनची, लिटरला ३० ग्रॅम घातली की साधारण एक टक्क्याचं पाणी होतं. गाळ खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं, पुसल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. प्रत्यक्षात वॉचमन फवारायचा आणि पाठोपाठ फडकं मारायचा, म्हणजे औषध लावायच्या आधीच पुसलं. पावडरचं पोतं जिन्याखाली तोंड उघडं ठेवलेलं असायचं. मुंबईच्या दमट हवेत त्यातला क्लोरीन भराभर उडतो. पुढे उरतो तो चुना, आणि तो इमानेइतबारे फवारला जायचा. लिफ्टच्या स्टीलच्या पत्र्यावर तपकिरी टिपके उठले ते याच हायपोने. कुणी जोर यावा म्हणून त्यात संडास धुवायचं अ‍ॅसिड मिसळलं तर क्लोरीनचा वायूच निघतो, आणि लहानशा बाथरूममध्ये तो विषाणूची वाट पाहत बसत नाही. पुढे फाटकाशी माणसांवर फवारणारे बोगदेही उभे राहिले. १८ एप्रिलला आरोग्य मंत्रालयाने माणसांवर असं काही फवारू नका असं स्पष्ट सांगितलं, तेव्हा कुठे ते हळूहळू निघाले.

लिफ्टमध्ये थर्माकोलचा तुकडा चिकटवून त्यात टूथपिक खोचलेल्या असत. एक काढायची, बटण दाबायचं, खालच्या डब्यात टाकायची. कल्पना सुबक होती. फक्त त्या सहा माणसांच्या लिफ्टमध्ये चार जण खांद्याला खांदा लावून उभे असायचे, पंखा बिघडलेला, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक टूथपिक.

सगळा मामला इथे दिसतो. हाताला जे लागतं ते धुता येतं, म्हणून काळजी तिथेच जाऊन बसली. नाकातून जे जातं ते धुता येत नाही, म्हणून ती तिथे फिरकलीच नाही. लोकल २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून बंद झाल्या. त्याआधीच्या दहा-बारा दिवसांत डब्यातले लोक वरची कडी रुमालाने धरत, उतरल्यावर हातावर दोन थेंब चोळत. पण चौथ्या सीटवर कसाबसा टेकलेला माणूस आणि त्याच्यावर ओणवा झालेला उभा प्रवासी यांच्या तोंडांत वीतभरही अंतर नव्हतं. रुमाल नाकावर असता तर जास्त उपयोगाचा होता, तोही घट्ट विणीच्या सुताचा. दिव्यासमोर धरल्यावर दिवा लख्ख दिसत असेल तर तो मास्क पदराइतकाच. महापालिकेने मास्क सक्तीचा केला ८ एप्रिलला, तोवर लोकल बंद होऊन पंधरवडा उलटला होता. चष्म्यावर वाफ धरते म्हणजे नाकाच्या बाजूने हवा निसटते आहे, हे मोफत मिळालेलं मोजमाप. ब्रेडच्या पुड्याची तार वरच्या शिवणीत घालून नाकावर दाबली की दोन्ही कामं होतात. हवेतून पसरण्याकडे लक्ष द्या, असं खुलं पत्र २३९ शास्त्रज्ञांनी लिहिलं ते जुलैत.

आपल्या शहराने हे आधीही केलेलं आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला तेव्हा गटारं कार्बोलिकने धुतली, भिंतींना चुना फासला, घरांतलं सामान बाहेर काढून जाळलं. ज्या कायद्याने २०२० मध्ये शाळा-मॉल बंद झाले तो १८९७ चा साथरोग कायदा त्याच धांदलीतला. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून येतो हे सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवलं. त्याच साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीतून रुंद रस्ते काढू लागला. प्रिन्सेस स्ट्रीट काढताना समुद्राचा वारा काळबादेवीपर्यंत पोचावा, हाही हिशेब होता. प्लेगच्या कारणाशी वाऱ्याचा संबंध नव्हता. सव्वाशे वर्षांनी तो हिशेब भलत्याच रोगाला लागू पडला.

आणि मावशी. घरकामाच्या मावशींना येऊ द्यायचं की नाही, हा त्या महिन्यातला सगळ्यात अवघड प्रश्न होता आणि तो सगळ्यात झटपट सुटला. फाटकावर कागद लागला: बाहेरच्यांना प्रवेश बंद. ज्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर निवडणुकीच्या शाईचा विलगीकरणाचा शिक्का होता ते आत, तिसऱ्या मजल्यावर. सुरुवातीला आजार विमानातून उतरत होता आणि टॉवरमधून चाळीकडे चालला होता, त्यामुळे भीती वाटायलाच हवी होती तर ती मावशींना. पगाराचं गणित तर साधं होतं: मार्चचा पूर्ण, एप्रिलचा आगाऊ, आणि तोही लोकल चालू असतानाच, रोख हातात. नंतर द्यायचं म्हटलं तर खातं गावच्या शाखेत, एटीएम कार्ड नाही, पैसे टाकायचे कुठे? ‘भांडी तर आम्हीच घासतोय’ म्हणून अर्धा पगार कापणारी घरं कमी नव्हती. घासली त्यांनी दीड माणसाची भांडी, वाचवले अडीच हजार.

जुलैतल्या रक्ततपासणीच्या पाहणीत माटुंगा, चेंबूर आणि दहिसरच्या तीन प्रभागांत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. पिशव्या न धुतल्याने हे झालं नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, एकच खिडकी, तीही बोळात उघडणारी, आणि सकाळी संडासाची रांग. पहाटे चारला उठून रांग चुकवणाऱ्या बायका होत्या. त्या सगळ्या साथीतला तो सर्वांत समंजस निर्णय असावा.

ज्यांना दोन खोल्या आणि दोन खिडक्या आहेत, त्यांना वारा खेळवणं काही कठीण नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात. एकच उघडी असली तर हवा तिथेच घोटाळते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावायचा, पण खिडक्या बंद ठेवून नाही. तसा लावला तर तो दाराच्या फटीतून जिन्यातली, म्हणजे शेजाऱ्यांची हवा ओढतो. उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते पाहिलं की दिशा कळते. पात्यांवर तेलाचा थर बसला असेल तर फॅन नुसता आवाज करतो, आधी गरम पाणी आणि सोड्याने पाती धुवावीत. संध्याकाळी सहा ते साडेसात डास, म्हणून बहुतेक घरं नेमकी तेव्हाच, सगळे घरी असताना, खिडक्या लावून घेतात. त्याला जाळी हा एकच उपाय, फायबरची, कडेने वेल्क्रोची इंचभर पट्टी लावून. पट्टी लावण्याआधी अ‍ॅल्युमिनियमची चौकट साध्या स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करावी. उरलेलं सॅनिटायझर त्या कामाला चालत नाही, त्यातल्या ग्लिसरीनचा पापुद्रा राहतो आणि पट्टी दोन दिवसांत सुटते.