ऋतू पालटताना आई-बाबांकडे

गावी राहणाऱ्या आई-बाबांची काळजी लांबून कशी घ्यायची, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वृद्धांच्या शुश्रूषेत असलेल्या आम्हां सगळ्यांनाच हा प्रश्न येतो. आई-बाबा गावी, आपण पुण्या-मुंबईत किंवा त्याहून लांब. दोघंही सत्तरीपुढचे. रोज फोन होतो आणि "आम्ही मजेत आहोत, तुम्ही तुमचं बघा" एवढंच ऐकू येतं. जीव तुटतो, पण नेमकं करायचं काय?

वर्षातून चारदा जा, आणि ऋतू पालटायच्या तोंडावर जा. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस यांना आयुर्वेदात ऋतुसंधी म्हणतात. थकलेल्या शरीराला हा बदल जड जातो. उकाडा, ओल, गारठा यांच्याशी जुळवून घ्यायला त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पाय घसरतो किंवा रक्तदाब हलतो. गणपती-दिवाळीला आपण जातोच, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं, आई चुलीपुढे राबत असते आणि तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. म्हणून होळीनंतरचा एक शनिवार-रविवार, मृग लागायच्या आधीचा एक, नवरात्राच्या आसपासचा एक आणि थंडी पडायच्या सुमाराचा एक, असे चार राखून ठेवा.

उन्हाळ्याआधी गेलात की "आई, पाणी पितेस ना?" असं विचारून थांबू नका. ती हो म्हणेल. वयाबरोबर तहानेची जाणीवच मंदावते, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे तिचं तिलाही कळत नाही. शिवाय कितीतरी आया मुद्दाम कमी पाणी पितात. गुडघे दुखतात, संडास अंगणापलीकडे असतो, रात्री उठायची धास्ती असते. म्हणजे पाण्याआधी संडासाचं बघावं लागतं. उकिडवं बसायच्या भांड्यावर ठेवायची, मधे भोक असलेली खुर्ची औषधांच्या मोठ्या दुकानात मिळते. तिची बैठक गुडघ्यामागच्या खळगीइतकी उंच हवी, साधारण ४५ सेंटीमीटर. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकले पाहिजेत, नाहीतर उठताना तोल जातो. मग पाणी: सकाळी एक लिटरची बाटली भरून समोर ठेवायची, ती दुपारी चारपर्यंत संपवायची आणि अर्धा लिटर दिवेलागणीपर्यंत. ताक, पन्हं, कोकम सरबत हेही त्यात धरा. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्र किती प्यायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. अशा माणसाला नारळपाणीही विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

कातडी चिमटीत धरून पाणी कमी झालंय का हे बघायची पद्धत म्हातारपणी फसते, कारण कातडी एरवीही सैलच असते. जीभ कोरडी आहे का, लघवी गडद आणि थोडी होते का, माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागलंय का, हे बघा. अंग तापलंय आणि बोलणं भरकटलंय तर तो उष्माघात समजायचा. सावलीत आणा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

याच भेटीत रक्तदाब तीनदा मोजा. पाच मिनिटं आडवं पडल्यावर एकदा, मग उभं राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० नी किंवा खालचा १० नी उतरला तर ते पडण्याचं कारण ठरू शकतं. थंडीत बसवलेली रक्तदाबाच्या औषधाची मात्रा आणि लघवीची (लघवी वाढवणारी) गोळी उन्हाळ्यात जास्त होऊ शकते, कारण घामाने पाणी आणि मीठ आधीच जातं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आकडे कागदावर लिहा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. इन्सुलिन असेल तर न उघडलेलं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नसतं.

मृगाआधीची भेट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती घरातली भिंत-फरशी बघायची आहे. न्हाणीघरात धरायला स्टीलचा दांडा बसवून घ्या. मुठीत पुरता मावेल असा, तीन-साडेतीन सेंटीमीटर जाडीचा, जमिनीपासून ८५ ते ९० सेंटीमीटरवर, भिंतीपासून चार सेंटीमीटर अंतर ठेवून. चुकतं ते इथे: मिस्त्री नुसत्या टाइलमध्ये छोटे स्क्रू मारून मोकळा होतो, आणि ज्या दिवशी अंगाचा खरा भार पडतो त्या दिवशी टाइलसकट दांडा हातात येतो. फास्टनर, म्हणजे दांडा भिंतीला धरून ठेवणारा लांब बोल्ट, विटेत शिरला पाहिजे. बसवल्यावर तुम्ही स्वतः त्याला लोंबकळून बघा. रबराच्या टोपीने चिकटणारे दांडे घेऊ नका, ओलीत ते सुटतात. टॉवेलची दांडी तर आधारासाठी नसतेच, पण घसरणारा हात तीच धरतो.

मग उंबऱ्यापाशी या. जुन्या साडीच्या घड्या शिवून आईने केलेलं पायपुसणं तिथे असेल. गुळगुळीत फरशीवर ते पायाखालून सरकतं. तिच्या हातचं आहे, फेकू नका. खाली रबरी जाळी अंथरा किंवा ते कोरड्या जागी हलवा. अंगणातलं आणि मोरीतलं शेवाळं ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासून काढा. चपला उलट्या करून बघा. टाचेकडे खाच उरली नसेल तर नवीन घ्या, मागे पट्टा असलेल्या.

आणि पाय बघा. येता-जाता वाकून आपण त्यांच्या पाया पडतो, पण तळवा वर करून कधी पाहिलेला नसतो. आई पाय मागे घेईल, "असू दे गं" म्हणेल. तिला खुर्चीवर बसवा, आपण खाली बसा. घमेल्यात कोमट पाणी घ्या, आधी आपलं कोपर बुडवून तपासा. पाच मिनिटं पुरे, जास्त भिजलं की कातडी फुगते. मऊ सुती कापडाने टिपा, एकेक बेचकं वेगळं करून. तिथे पांढरी, भिजल्यासारखी, चिरलेली कातडी म्हणजे चिखल्या. मधुमेहात तेवढ्या चिरेतूनही पाय पिकू शकतो. टाचेला तेल किंवा व्हॅसलीन चालेल, बेचक्यात नाही, तिथे कोरडंच हवं. नखं म्हातारपणी जाड होतात, म्हणून भिजल्यावर कापा, सरळ रेषेत, कोपरे खोल न कोरता. मग त्यांना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करा, दाबू नका. कळलं की "हो" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायाची संवेदना कमी झाली आहे. मग घरातही अनवाणी फिरणं बंद, आणि डॉक्टरांना पाय दाखवायचा. ही सगळी अर्ध्या तासाची गोष्ट आहे, आणि त्या अर्ध्या तासात फोनवर कधी निघत नाहीत ती बोलणी निघतात.

पावसाळ्यात ताप आला तर तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी नको, कारण डेंग्यू असेल तर तिने रक्तस्राव वाढू शकतो. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांचंही विचारा. रक्तदाबाची काही औषधं, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक गोळी एकत्र आल्या की मूत्रपिंडाला मार बसतो. गोळ्यांचा डबा उघडून प्रत्येक पाकीट बघा. फ्लूची लस दर वर्षी पावसाळ्याआधी द्यायचीही डॉक्टरांना आठवण करा.

चातुर्मासातल्या उपासावरून वाद घालू नका. "आई, आषाढी सोड आता" म्हटल्यावर ती लपून उपास करते, आणि साखर उतरवणारी गोळी नेहमीसारखी घेते. उपासाचे दिवस आधीच डॉक्टरांना सांगून त्या दिवसाची मात्रा ठरवून घ्या. हात थरथरले, घाम फुटला, साखर ७० च्या खाली आली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. शेजारच्या घरालाही हे सांगून ठेवा.

नवरात्राच्या भेटीत वजन करा, दर वेळी त्याच काट्यावर. सहा महिने ते वर्षभरात काही न करता वजन शेकडा पाचने उतरलं, म्हणजे ६० किलोचे ५७ झाले, तर कारण शोधायलाच हवं. काटा नसेल तर आईच्या बांगड्या कोपराकडे किती सरकतात ते बघा, बाबांच्या पट्ट्याचं नवीन पाडलेलं भोक बघा. कारण कवळी सैल झाल्याचं असू शकतं, जेवण जात नसल्याचं असू शकतं, मन खचल्याचंही असू शकतं.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. पहाटे फिरायला जाणाऱ्या बाबांना ऊन आल्यावर निघायला सांगा, कानटोपी घालून. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात असेल तर तो बाहेर काढून घ्या, आणि बंद खोलीत शेगडी पेटवायची नाही, दोन्हींतून विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो. अभ्यंगाचं तेल तळव्यांना नको, ओल्या फरशीवर उभंच राहता येत नाही. जड गोधडीखाली कूस पालटता येत नाही, त्यापेक्षा दोन हलकी पांघरुणं द्या. गरम पाण्याची पिशवी बधिर पायांजवळ ठेवली तर रात्रीत भाजतं आणि सकाळपर्यंत कळतही नाही. ती अंथरुणात दहा मिनिटं आधी ठेवा, ऊब धरली की काढून घ्या, आणि मग त्यांना झोपायला बोलवा.