राखाडी फर्गी आणि न उठणारी लिफ्ट

1956 साली बंद झालेल्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपाचं किट इंग्लंडात आजही घरपोच मिळतं. हे कळलं की आधी कौतुक वाटतं, मग थोडा रागच येतो. आपल्याकडे दहा वर्षांच्या मॉडेलचा एखादा पार्ट हवा असला तरी तालुक्याला तीन चकरा ठरलेल्या!

हा ट्रॅक्टर म्हणजे फर्ग्युसन टीई-20. कोव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यातून 1946 ते 1956 या काळात पाच लाखांहून जास्त बाहेर पडले. इकडे इंग्लंडात लाडानं त्याला ‘लिटल ग्रे फर्गी’ म्हणतात. गावाकडच्यांनी परका समजू नये. आपला टॅफे कंपनीचा 1035 ट्रॅक्टर याच घराण्यातला, नात्यानं नातू.

तक्रार बहुतेक वेळा एकच असते, लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार उचलणारे हात, उठत नाही. आणि बहुतेक वेळा पंपावर उगाच आळ येतो.

पंप मागच्या हाउसिंगमध्ये ऑइलात बुडालेला असतो, चार दट्ट्यांचा. त्याला ताकद मिळते पीटीओ शाफ्टकडून, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या दांड्याकडून. गिअरबॉक्सच्या खालच्या शाफ्टला एक सरकतं कपलिंग हा शाफ्ट जोडतं आणि ते कपलिंग हलतं डाव्या बाजूच्या हातदांड्यानं. दांडा सुटा असेल तर पंप बंद, लिफ्टही बंद. शिवाय क्लच एकेरी. नांगर उचलता उचलता क्लच दाबला की नांगर अर्ध्यातच लटकतो. ड्युअल क्लचवर (त्यात गाडी थांबवली तरी पंप चालू ठेवता येतो) हात बसलेल्या माणसाला हे फार चिडवणारं आहे. इकडचे म्हातारे शेतकरी मात्र त्याचं समर्थन असं करतात, जणू मुद्दाम दिलेली सोय आहे.

खोलण्याआधीची तपासणी पाच मिनिटांची. डिपस्टिकवर ऑइल बघायचं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय आणि कंट्रोल व्हॉल्व्ह (ऑइलची वाट उघडणारी-बंद करणारी झडप) अडकण्याचं तेच पहिलं कारण. मग इंजिन मंद ठेवून, दांडा जोडून, क्लच सोडायचा आणि लांब उभं राहून पीटीओचं मागचं टोक फिरतंय का ते पाहायचं. फिरत असेल तर ड्राइव्ह पोचतोय. खोट व्हॉल्व्हमध्ये, पंपात किंवा गळतीत शोधायची. फिरत नसेल तर पंपाला हात लावण्यात अर्थ नाही. कपलिंग, त्याला सरकवणारा फोर्क आणि दांडा बघायचा. भार आला की ‘कट’ असा आवाज होऊन लिफ्ट खाली येत असेल, तर कपलिंगच्या दात्यांचे कोपरे गोल झालेले असतात आणि ते निसटतं.

गळती शोधायला थोडं ऑइल काढून उजव्या बाजूचं कव्हर उघडतात आणि ऑइलची चिळकांडी कुठून उडते ते बघतात. डोळ्यांना चष्मा हवा आणि हात लांब. दाबाचं ऑइल कातडीतून आत घुसतं. ही जखम दिसायला सुईएवढी, पण लगेच दवाखाना गाठावा लागतो.

पंप काढायचाच असेल तर लिफ्टचे हात खाली, चाकांना अडसर, सगळे ड्रेन प्लग मोकळे. सुमारे 27 लिटर ऑइल निघतं, तेवढी भांडी आधी मांडून ठेवा. टॉप कव्हर एकट्यानं उचलू नये, चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) लावा. मागची कॅप सोडून पीटीओ शाफ्ट मागे ओढायचा, पंपाला आधार द्यायचा आणि मगच बाजूच्या खुंट्या काढायच्या.

पान्यांचं एक सांगायला हवं. 3/8 इंची बोल्टच्या डोक्याला 9/16 चा पाना लागतो, म्हणजे 14.29 मिलिमीटर. चौदाचा बसत नाही, पंधराचा डोकं गोल करतो. आपल्या पेटीतले पाने इथे कामाचे नाहीत.

दाते झिजले की आपल्याकडे वेल्डिंग मारून लेथवर पुन्हा काढून घेतात. मिस्त्रीच्या हातात कसब आहे, यात वाद नाही. पण वेल्डिंगच्या उष्णतेनं शाफ्टचं कडकपण बिघडतं, शाफ्ट किंचित वाकडा होतो आणि मग पंपाचे बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या) खातो. कपलिंग आणि शाफ्ट जोडीनं बदलणं बरं. नव्या कपलिंगला जुना शाफ्ट लवकर संपवतो. इकडचे लोक जोडीनंच बदलतात आणि पार्सल येईपर्यंत खुशाल थांबतात. थांबायला त्यांचं काय जातं म्हणा! फर्गी आता बहुतेक ठिकाणी हौसेची गाडी. पेरणीच्या तोंडावर शेतकरी दारात उभा असताना तेच काम रात्रीत उरकणाऱ्या आपल्या मिस्त्रीला त्यांच्या फूटपट्टीनं मोजणं मला पटत नाही.

बसवताना मागचं सील नवीनच घाला. शाफ्टच्या दात्यांवर टेप गुंडाळली तर सीलची कड कापत नाही. टॉप कव्हर ठेवताना खाली लोंबणारा कंट्रोलचा फोर्क व्हॉल्व्हच्या टोकाशी नीट बसलाय का, हे बाजूच्या खिडकीतून टॉर्च मारून बघा. तो चुकला तर सगळं नवीन असूनही लिफ्ट ढिम्म, आणि कव्हर पुन्हा वर. ऑइल भरून मंद इंजिनवर रिकाम्या हातांनी चार-पाच वेळा वर-खाली करा, लेव्हल पुन्हा बघा, मग नांगर जोडा.

जुनं ऑइल बांधावर ओतता येत नाही, इकडे तो गुन्हा आहे. डब्यात भरून रिसायकलिंग केंद्रावर न्यावं लागतं.