खुर्चीतून गोकाक

घरच्या संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे खुर्चीत बसून विमान उडवायचा खेळ, आला की पहिल्या दिवशी आयफेल टॉवर, दुसऱ्या दिवशी ताजमहाल, तिसऱ्या दिवशी एव्हरेस्ट असा सपाटा सुरू होतो आणि आठवडाभरात विषय संपतो. परक्या गावात सगळंच खरं वाटतं. तिथला पूल चार गल्ल्या सरकलाय की मनोराच गायब आहे, हे आपल्याला कळणार कसं? हा नाद खरा रंगतो तो ओळखीच्या मुलुखात, कारण संगणकाची लबाडी तिथेच पकडता येते. तेव्हा बेळगावकराने पॅरिस बाजूला ठेवावं आणि विमान सांबऱ्याहून, म्हणजे आपल्याच विमानतळावरून, उडवून गोकाकचा धबधबा गाठावा.

सांबरा विमानतळ नावाने शोधू नका. कुठे जुनं नाव सापडतं, कुठे नवं, आणि त्यावर संगणकाशी वाद घालण्यात हशील नाही. त्यासाठी आपल्याकडे माणसं पुष्कळ आहेत. व्ही-ओ-बी-एम ही विमानतळाच्या संकेताची चार रोमन अक्षरं टाकली की झालं.

सामान फार लागत नाही. हात साफ करायला गूगल अर्थ प्रो पुरतो. तो फुकट आहे. कंट्रोल, आल्ट आणि ए ही बटणं एकदम दाबली की त्यातलं विमान सुरू होतं. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटरही फुकटच. मायक्रोसॉफ्टच्या २०२० सालच्या सिम्युलेटरला मात्र किमान ८ जीबी रॅम लागते, सुखाने चालायला १६, आणि डिस्कवर १५० जीबी मोकळी जागा. जमिनीचं चित्र उडता उडता नेटवरून उतरत असल्यामुळे २० एमबीपीएसची जोडणी बरी. नेट मंदावलं की खालचं गाव मेणासारखं वितळल्यागत दिसतं. अशा वेळी लोक ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये बोटं घालत बसतात. दोष नेटचा असतो. त्याच भागात पुन्हा पुन्हा उडायचं असेल तर रोलिंग कॅशे वाढवून ठेवावा, म्हणजे एकदा उतरलेली जमीन डिस्कवर राहते. लाईटचा भरवसा नसेल तर आधी यूपीएस घ्या, जॉयस्टिक नंतर. जॉयस्टिक जुनी असली, मधोमध सोडूनही विमान एका अंगाला ओढत असलं, तर डेड झोन, म्हणजे मधली जी हालचाल संगणकाने मोजायचीच नाही ती, पाच टक्क्यांपर्यंत वाढवला की बहुधा भागतं.

विमान सेसना १७२ घ्या. पंख वर असल्यामुळे खालचं दिसतं. जेट घेतलंत तर चहाला फुंकर मारेपर्यंत गोकाक मागे पडेल.

धावपट्टीवर उभं राहिल्यावर उंचीचा काटा सुमारे २,५०० फूट दाखवतो आणि नवखा माणूस दचकतो. तो काटा समुद्रसपाटीपासून मोजतो. सांबरा तेवढ्या उंचीवर आहेच. याचा परिणाम नुसता काट्यापुरता राहत नाही. त्या उंचीला हवेचं मानक तापमान १० अंश धरलेलं असतं. तुम्ही एप्रिलची दुपार निवडून ३० अंश केलंत की इंजिनाला आणि पंखांना आपण जवळजवळ ४,९०० फुटांवर आहोत असं वाटतं. विमान रेंगाळत उठतं. धावपट्टी २,३०० मीटर असल्यामुळे उठतं खरं, पण ५५ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) आत नाक उचलायची घाई करू नका आणि उचलल्यावर ७५ नॉट धरून ठेवा. इंजिन फुल्ल थ्रॉटललाही मरगळलेलं वाटलं तर लाल दांडा, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारा मिक्श्चर, किंचित मागे घ्या. विरळ हवेत पेट्रोल जास्त होतं म्हणून ते गुदमरतं.

गोकाकचा धबधबा सांबऱ्याहून सरळ रेषेत साधारण २२ नॉटिकल मैल (पुढचे सारे मैल हेच), दिशा २५ अंश, उत्तरेपासून उजवीकडे मोजलेली. १०० नॉटने तेरा मिनिटं. पण असं सरळ जाऊ नये. वारा आडवा असला तर धबधबा दोन मैल बाजूला राहतो, आणि वरून सगळं माळरान एकसारखं. आधी नाक उत्तरेला धरून हिडकलचं धरण गाठा. सतरा मैलांवर एवढा मोठा जलाशय आडवा पसरलाय की चुकवायचा म्हटला तरी चुकत नाही. धरणाच्या भिंतीवरून उजवीकडे वळा आणि घटप्रभेचा हात धरून खाली उतरत जा. वाटेत धुपदाळचा बंधारा लागतो, मग नदी आक्रसते, आणि साडेआठ मैलांच्या आत धबधबा. इथे नियम सोपा: आधी पाणी शोधा, मग गाव.

हिडकलपाशी एक गंमत पाहून घ्या. प्रत्यक्षात उन्हाळ्यात पाणी ओसरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं. सिम्युलेटरमध्ये जलाशयाची कड एकदाच आखून दिलेली असते. पाणी ना चढतं ना उतरतं. तिथला विठोबा बाराही महिने पाण्यात.

आणि आता गोकाक. इथे बहुतेकांचा हिरमोड होतो. ५२ मीटरचा कडा, घोड्याच्या नालेसारखी त्याची कमान, आणि पडद्यावर काय, तर एक तपकिरी उतार आणि त्यावर ओल्या पंचासारखं चिकटलेलं चित्र. कारणं दोन आहेत. जमिनीच्या उंचीची मापं जगभर ज्या मोजणीतून आली त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने केलेली. तिची जाळी साधारण ३० मीटरची. म्हणजे दर ३० मीटरवर उंचीचा एकच आकडा. उभा कडा अशा दोन आकड्यांच्या मधे सापडला की संगणक वरचा आकडा आणि खालचा आकडा सरळ जोडून टाकतो. कड्याची घसरगुंडी होते. दऱ्या अरुंद असल्या की बुजतात, सुळके बोथट होतात. डोंगर मात्र छान येतात. जी वस्तू शंभर-दोनशे मीटर रुंद नाही, तिच्याकडून आकाराची अपेक्षाच ठेवू नये.

दुसरं कारण ऋतूचं. वरून काढलेली चित्रं ढग नसताना घ्यावी लागतात आणि आपल्याकडे ढग नसतात तेव्हा पाणीही नसतं. त्यामुळे सिम्युलेटरमधला गोकाक सदैव उन्हाळ्यातला: खडक उघडे, मधून एखादी धार. तुम्ही हवामानात जुलै निवडा, धो धो पाऊस पाडा, काच ओली होईल, ढग उतरतील. खालच्या खडकावर थेंब वाढायचा नाही. उलट खऱ्या हवामानाची सोय चालू ठेवून श्रावणात निघालात तर ढगांत काहीच दिसत नाही. आकाश निरभ्र ठेवा आणि वेळ सकाळी सात-आठची घ्या. तिरप्या उन्हात सावल्या लांब पडतात आणि तोच बोथट कडा जरा धारदार दिसतो. बारा वाजता सगळं सपाट.

झुलता पूल, सुमारे २०० मीटर लांब आणि पायाला गुदगुल्या करणारा, चित्रात केसासारखी एक रेघ म्हणून उरतो. तो दिसला तरी नशीब समजा. धबधब्याजवळच्या सूतगिरणीची लांबच लांब छपरं मात्र नीट ओळखू येतात. मोठं, सपाट आणि कोनदार असेल ते वरून टिकतं, नाजूक असेल ते जातं. गावांचंही तेच. जिथे कुणी हाताने मॉडेल बनवलेलं नाही तिथे संगणक छपराच्या आकारावरून अंदाजाने इमारत उभी करतो. देवळाचं शिखर, मशिदीचा मिनार, चर्चचा मनोरा यांत तो भेदभाव करत नाही. तिघांनाही दोन मजली गच्चीचं घर देऊन मोकळा होतो. बेळगाव ओळखायचं ते किल्ल्याच्या खंदकावरून, रेल्वेच्या वळणावरून आणि महामार्गालगतच्या सुवर्ण विधानसौधाच्या पसाऱ्यावरून. किल्ल्याच्या तळ्याकाठचा ११० मीटरचा ध्वजस्तंभ शोधत बसू नका.

दूधसागरची वाट दुसरी. सांबऱ्याहून ३७ मैल, दिशा २०८ अंश, उंची ४,००० फूट. खानापूर मागे पडलं की शेतं संपतात, रान दाट होतं आणि कॅसलरॉकच्या पुढे जमीन एकाएकी पायाखालून निघून जाते. इथे कडा बोथट होत नाही. ३१० मीटर एवढी उंची जाळीतूनही सुटत नाही. मात्र पूर्वेकडून जाणाऱ्याला धबधबा दिसतच नाही, कारण त्याचं तोंड गोव्याकडे. पुढे जाऊन वळायचं आणि पश्चिमेकडून परत यायचं.

आणि इथेच विमानं आपटतात. दरीत उतरून कड्याकडे तोंड केलं की वाटतं, जवळ गेल्यावर नाक उचलू. हिशेब करा. सेसना मिनिटाला सुमारे ५०० फूट चढते आणि ८० नॉटने मिनिटाला अडीच किलोमीटर पुढे जाते. म्हणजे एका किलोमीटरमागे जेमतेम २०० फूट. कडा हजार फुटांचा, म्हणजे चढायला पाच किलोमीटर हवेत, आणि एवढी जागा त्या दरीत मिळत नाही. घाबरून एकदम वळलात तर ४५ अंश कललेलं विमान सरळ उड्डाणापेक्षा जवळजवळ वीस टक्के अधिक वेगालाच कोसळू लागतं. कड्याच्या माथ्यापेक्षा पाचशे फूट वर राहावं, तिरपं जावं, म्हणजे अर्ध्या वळणात सुटका होते. बारकाईने पाहायचंच असेल तर अ‍ॅक्टिव्ह पॉज लावून, म्हणजे विमान हवेत जागच्या जागी थांबवून, ड्रोन कॅमेरा खाली सोडा. रेल्वेचा पूल शोधायला तर तो लागतोच, कारण संगणकाने पेरलेली झाडं रुळांवरही उगवतात.

परतीला २८ अंश धरा. येळ्ळूरचा राजहंसगड डाव्या हाताला आला की उतरायची तयारी: वेग ६५ नॉट, फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, टप्प्याटप्प्याने खाली. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उतरणाऱ्याला सूर्य थेट डोळ्यांत येतो, अगदी पडद्यावरसुद्धा. वारा पडलेला असेल तर धावपट्टीची पूर्वेकडे तोंड करणारी ०८ क्रमांकाची बाजू घ्यावी. पावसाळी वाऱ्यात ती सोय नाही. मग पश्चिमेकडे तोंड करणारी २६, आणि पडद्याचा उजेड कमी करून.