टीकेचा राग येत नाही का?

मुसलमान घरातली बाई, मिरजेसारख्या गावात राहता, आणि इस्लामवर टीका करणारी संकेतस्थळं वाचता कशा, राग नाही येत? हे मला वरचेवर विचारलं जातं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. राग येतो तो अर्धवट उताऱ्यांचा.

कुराणातल्या तौबा सूरेची, म्हणजे अध्यायाची, पाचवी आयत फोनवर सतत फिरत असते : मुश्रिक (अनेक देव मानणारे) दिसतील तिथे मारा. तिच्या आधीच्या आयतीत करार पाळणाऱ्यांना वगळलंय, आणि पुढच्या आयतीत म्हटलंय की त्यांच्यातल्या कुणी आसरा मागितला तर द्या, सुखरूप ठिकाणी पोचवा. त्या दोन्ही कुणी पाठवत नाही. असलं पाठवणाऱ्याला मुसलमानांचं भलं करायचं नसतं. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, पुसेसावळीत, २०२३ मध्ये पोस्टवरून पेटलं, मशिदीवर हल्ला झाला, एका तरण्याताठ्या माणसाचा जीव गेला.

पण खरी टीका मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. ढाक्याच्या अभिजित रॉय यांनी ‘मुक्तो-मोना’ हे मुक्त विचारांचं संकेतस्थळ चालवलं. २०१५ मध्ये पुस्तकमेळ्यातून परतताना त्यांना भर रस्त्यात मारलं. सौदीत रैफ बदावी या ब्लॉगरला लिहिण्यापायी दहा वर्षांची कैद आणि हजार फटके सुनावले. अशा माणसांनी काय लिहिलं ते न वाचताच त्यांना धर्मद्रोही म्हणणं मला जमत नाही.

आणि आपल्याकडे हे नवं कुठंय? १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, हे मागणं. समाजाने त्यांना शिव्या घातल्या. एका दमातला तिहेरी तलाक सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला २०१७ साली. मधल्या काळात किती जणींना कडेवर पोर घेऊन माहेरी यावं लागलं असेल!

‘संदर्भ बघा’ म्हणून सगळंच झटकताही येत नाही. निसा सूरेत मुलाला दोन मुलींइतका वाटा आहे, त्याला मागचीपुढची आयत जोडून काही फरक पडत नाही. वडिलांच्या घरात मला भावाच्या निम्मं आलं. भाऊ म्हणाला, आपा, निम्मं निम्मं करू. त्याचं मन मोठं आहे, पण मला ते कायद्याने हवंय. त्यासाठी मोर्चा निघाला तर मी जाणार आहे. तो येतो म्हणालाय.