धामणीची काठी

"येताना धामण घेऊन येतेय," असं मी पाटणच्या एसटी स्टँडवरून नवऱ्याला फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही. मग "जिवंत?" एवढंच विचारलं त्यानं. त्याची चूक नाही. धामण म्हटल्यावर साप आठवणारे ढिगानं भेटतात, झाड आठवणारे विरळा.

काठी तात्यांच्या घरातली, म्हणजे माझ्या चुलत काकांच्या. चुलीच्या वर आडवी टांगलेली, धुरानं काळीकुट्ट, आणि तिच्यावर काकीच्या लसणाच्या जुड्या. कशाची आहे म्हणून मी सहज विचारलं. तात्या म्हणाले, "धामण. लवंल, पर मोडायची न्हाई." माझे कान टवकारले. धामणीच्या लाकडाची कावड करतात, कुऱ्हाडीचे दांडे करतात, कारण ते हिसका खातं आणि परत जागेवर येतं. संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्षही. म्हणजे ज्या कामासाठी मी वर्षभर लाकूड हुडकत होते ते झाडाच्या नावातच लिहिलेलं होतं, आणि त्याच्यावर लसूण वाळत होता.

वर्षभर, कारण आदल्या वर्षीचा प्रयोग फसला होता. सोसायटीत छाटलेल्या सुबाभळीच्या फांदीचं धनुष्य केलं होतं. ते रविवारी दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, फटाका फुटावा तसं मोडलं. वरणाच्या वाटीत एक ढलपी सापडली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण वाटी बदलून घेतली.

तात्यांची काठी भरली पन्नास इंच. धनुष्य म्हणून आखूडच. लांब धनुष्य चुका पोटात घालतं. आखूड धनुष्याला तेवढीच दोरी ओढायची तर त्याच्या प्रत्येक इंचाला जास्त वाकावं लागतं. एक इंच जरी आळशी निघाला तरी त्याचा वाटा शेजारच्याला उचलावा लागतो, आणि मोडतो तो शेजारचा. म्हणून मधली मूठसुद्धा ताठ ठेवायची नाही असं ठरवलं. तीही थोडी वाकली पाहिजे.

धनुष्याला पोट आणि पाठ असते. धरणाऱ्याकडे येतं ते पोट, निशाणाकडे असते ती पाठ. ओढताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीला हत्यार लावायचं नाही, हा पहिला नियम. सालीखालचा तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिला पाहिजे. तो मध्येच कापला गेला की तिथून ढलपी उचलते. (आमची वरणात पडलेली तिथलीच होती.) जे काय तासायचं ते पोटाकडून. आधी वाकस, मग रंधा, मग जाड दात्यांची कानस, आणि शेवटी काचेचा फुटका तुकडा. जुने सुतार काचेनं खरवडायचे ते मी लहानपणी पाहिलं होतं. काच नीट धरली तर लाकडाची अशी पातळ कुरळी निघते की फुंकर मारली तर गॅलरीतून खाली जाते.

काच का, तर गणित फार कडक आहे. रुंदी दहा टक्के कमी केली तर ताठपणा दहाच टक्के उतरतो. जाडी दहा टक्के कमी केली तर सत्तावीस टक्के. दोन सेंटीमीटर जाडीतले दोन मिलिमीटर गेले की पावभराहून जास्त जोर गेला, आणि गेलेलं लाकूड चिकटवता येत नाही.

गॅलरीच्या भिंतीवर एक आडवी खुंटी ठोकली. तिच्यावर धनुष्याची मूठ ठेवायची, दोरी खाली लोंबती, दोरीला भंगारवाल्याकडून घेतलेला ताणकाटा आणि त्याच्यातून कप्पीवरून आलेला सुंभ. सुंभ ओढत आपण सहा फूट लांब उभं राहायचं. जवळून काही दिसत नाही. भिंतीवर खडूनं उभ्या-आडव्या रेघा मारल्या होत्या, दोन्ही बाहू, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंचे भाग, सारखे उतरतात का ते कळायला. दोरी चढवली की सरळ रेघ आणि तिच्यावर कमान, शाळेतल्या भूमितीच्या वहीतली आकृतीच. वर्तुळाच्या जीवेला जीवा का म्हणतात हे आमच्या बाईंनी कधी सांगितलं नव्हतं. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी.

आता मुख्य गोची. धनुष्य वाकतं तिथंच डोळा जातो. हातही तिकडेच जातो, कारण तिथं काहीतरी चाललेलं असतं. काम मात्र उलटं आहे. जिथं वाकत नाही, जिथं लाकूड मख्खासारखं सरळ बसलेलं आहे, तिथं खरवडायचं, आणि वाकणाऱ्या जागेला बोटही लावायचं नाही. हे वाचायला सोपं आहे. सरळ जागा कमानीत लपून बसते. तिला पकडायला एक युक्ती आहे. वीतभराहून लहान सरळ लाकडी ठोकळा घ्यायचा, मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल बसवायची. धनुष्य ताणून धरायचं. सगळ्यात जास्त बाक असेल तिथं पोटावर ठोकळा ठेवला की त्याची दोन टोकं टेकतात आणि मध्ये फट राहते. त्या फटीत पेन्सिल जेमतेम टेकणार नाही अशी पक्की करायची आणि ठोकळा पोटावरून सरकवायचा. जिथं बाक कमी तिथं फट कमी, तिथं पेन्सिल आपोआप उमटते. उमटलं तेवढं खरवडायचं. पुन्हा तीसेक वेळा थोडं-थोडं ओढून सोडायचं, लाकडाला झालेला बदल कळायला वेळ लागतो. मग पुन्हा ठोकळा.

माझ्या वडिलांचं आवडतं वाक्य होतं, मोडेन पण वाकणार नाही. त्यांना हा उद्योग बघायला मिळाला नाही ते एका अर्थी बरंच झालं.

एवढं करूनही चुकले. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी उजेड कमी झालेला असताना "एवढं एक संपवू" म्हणत बसले आणि डाव्या बाहूचं खरवडायचं ते उजव्याचं खरवडलं. धनुष्य खुंटीवर उलटं ठेवलेलं होतं, बाकी काही नाही. सकाळी ओढलं तर उजवीकडे नवव्या इंचावर बिजागरी तयार. बाकीचा बाहू ताठ आणि तेवढाच भाग कोपरातून दुमडल्यासारखा. यावर एकच उपाय आहे. त्या दुबळ्या जागेला सोडून बाकी सगळं धनुष्य तिच्या मापाला खाली आणायचं. दहा दिवस लागले. वीस इंच ओढल्यावर सोळा किलो दाखवणारा ताणकाटा शेवटी अकरावर आला. ते अकरा किलो मात्र दोन्हीकडे सारखे वाटून घेतलेले आहेत.

आखूड धनुष्याच्या बाबतीत मला इशीची आठवण येते. 1911 साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एकटा सापडलेला, 'याही' नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस. पुढची वर्षं तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहिला आणि 1916 साली गेला. त्याच्याकडून सॅक्स्टन पोप नावाचा एक डॉक्टर धनुष्य करायला शिकला. इशी फूटपट्टी लावत नसे, स्वतःच्या अंगानं माप घेई : आडव्या पसरलेल्या हातापासून पलीकडच्या कमरेपर्यंत. आणि तो सांगे, की दोरी चढवून ठेवलेलं किंवा उभं टेकवून ठेवलेलं धनुष्य थकतं, त्याला घाम येतो. आपल्या पावसाळ्यात हे अक्षरशः खरं आहे. आषाढात लाकूड दमट होतं आणि दोरी काढली तरी पूर्ण सरळ होत नाही, पोक येतं. माझ्याला दीड इंच आलंय. मी दोरी उतरवून ते आडवं दोन खुंट्यांवर ठेवते, तरीही.

बाण अजून नाहीत. ते वेगळंच प्रकरण आहे.

परवा एकदाचं तेल लावून झालं. खुंट्यांवर ठेवून फोटो काढला आणि तात्यांच्या नातवाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला, काकीला दाखव म्हणून. काळ्या काठीच्या पोटातून निघालेलं तांबूस लाकूड छान दिसत होतं, टोकांकडे निमुळतं होत गेलेलं. पाच मिनिटांत काकीचाच फोन.

"बघितलं गं," म्हणाली. "चांगली सरळ काठी व्हती. वाकडी करून ठेवलीस." मग थोडं थांबून, "आणि लसूण कशाला टांगू म्हणतीस आता?"