सर आणि ७,२७२ बाद मतं

१९९२च्या एप्रिलमध्ये आमच्या डिचोलीच्या घरी एक गृहस्थ खोली बघायला आले. मागच्या पडवीला लागून आमची एक खोली रिकामी होती, दार वेगळं, न्हाणी वेगळी. आजोबा सोप्यावर बसून सुपारी कातरत होते. मी तांब्या आणि पेला नेऊन ठेवला. पाहुण्यांनी पाणी प्यायलं, भिंतीवरच्या, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या हार घातलेल्या फोटोकडे बघितलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही फुलावर शिक्का मारलेला ना?"

झालं. आजोबांना असा श्रोता बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता. फूल म्हणजे गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहणं. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलाची ती चिन्हं. आजोबा कोणाच्या बैलगाडीतून मतदानाला गेले, कोण फितूर झाला, निकाल लागल्यावर घरात चूल कशी पेटली नाही, सगळं झालं. दोन कप चहा झाला. पाहुणे खिशातल्या कागदावर काहीतरी टिपत होते. शेवटी उठताना त्यांनी खोलीचं विचारलं, तर आजोबा म्हणाले, "तुमी खंयचे?"

"वेंगुर्ल्याकडचे. पण वडील बासष्टपासून सारमानसला."

"मग कूड मेळची ना. भायल्यांक आमी दिनांत."

कूड म्हणजे खोली, भायले म्हणजे बाहेरचे. गोव्याबाहेरच्या वाचकांना या शब्दाची धार कळणार नाही, आणि आतल्यांना सांगायला नको. हयातभर महाराष्ट्रात विलीन व्हायला निघालेल्या माझ्या आजोबांना महाराष्ट्रातला भाडेकरू चालत नव्हता. यात काही विसंगती आहे असं तेव्हा घरात कोणालाच वाटलं नाही. मलाही नाही. मी पेला विसळून ठेवला.

जूनमध्ये पणजीला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसले आणि राज्यशास्त्राच्या तासाला तेच गृहस्थ खडू घेऊन आत आले. मला घाम फुटला. त्यांनी हजेरी घेतली, माझं आडनाव वाचलं, क्षणभर वर बघितलं आणि पुढचं नाव घेतलं. पुढे तीन वर्षं आणि नंतरची तीसेक वर्षं त्यांनी त्या खोलीचा विषय कधी काढला नाही. सर या श्रावणात गेले.

सरांचे वडील लोहखनिजाच्या बार्जवर खलाशी होते. १९६१पर्यंत सीमेवर पोर्तुगीज चौकी होती, ये-जा सहज नव्हती. गोवा मुक्त झाल्यावर वाट खुली झाली आणि खाणींना माणसं हवीच होती. डिचोली-साखळीच्या खाणींतला माल नदीकाठच्या धक्क्यावर बार्जमध्ये भरायचा आणि मांडवीतून मुरगाव बंदरात न्यायचा, हे काम. पावसाळ्यात बार्ज बंद, मग वडील लावणीला गावी. सर सहा वर्षांचे असताना आईबरोबर सारमानसला आले. त्यांची आई वडिलांचे कपडे वेगळ्या बालदीत धुवायची, कारण खनिजाचा तांबडा रंग एकदा दुसऱ्या कपड्याला लागला की निघत नाही. सर पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला गुलाबी झाक होती आणि मुलांनी त्यांचं नाव ठेवलं 'मायनिंग'. हे ते हसत सांगायचे. वेंगुर्ल्याहून सकाळी निघालेला माणूस सारमानसला जेवणाआधी पोचतो, तेवढंच अंतर. पण तेवढ्या अंतरासाठी ते जन्मभर भायले राहिले.

वर्गात ते इंग्रजीत सुरू करायचे, मराठीत रंगायचे आणि शिपायाला हाक मारताना कोंकणीत यायचे. घरी मालवणी. त्यांचा सगळ्यात गाजलेला तास म्हणजे 'कौल' या शब्दावरचा. फळ्यावर इंग्रजीत ओपिनियन पोल लिहायचे, खाली मराठीत जनमत कौल, आणि मागे वळून विचारायचे, "देवळात कौल कोणी कोणी बघितलाय?" गोव्यातल्या वर्गात निम्मे हात वर. मग एखाद्या मुलालाच उभं करायचे: सांग. मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, भटजी किंवा गुरव गाऱ्हाणं घालतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"आणि पाकळी पडलीच नाही तर?"

"देव बोलत नाही, सर."

"हां. आता लिहा."

मग आकडे. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१. बाद ७,२७२. एकूण मतदार ३,८८,४३२. हे आकडे मी हा मजकूर लिहिताना कुठे बघितलेले नाहीत, झोपेतून उठवलंत तरी सांगेन. सगळे जण ३४,०२१वर भाषणं करतात, सर बाद मतांपाशी थांबायचे. मतपत्रिकेवर उभे राहिलेले दहा उमेदवार नव्हते, दोन चित्रं होती. एक फूल, दोन पानं. तिथे सात हजार माणसं चुकली कशी? काही चुकली असतील, मान्य. पण काहींनी दोन्हीवर शिक्का मारला असेल, काहींनी मधल्या रेघेवर. "ती अडलेली पाकळी," सर म्हणायचे, "तिच्यावर पीएचडी कोण करणार?"

स्वतः त्यांनीही केली नाही. नोंदणी केली होती, विषय हाच होता, पण मार्गदर्शक बदलले, मुदत संपली. त्यांच्या हाती राहिले बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे. त्यांत जाड कागदाची कार्डं, प्रत्येक कार्डावर सदुसष्टला मत दिलेला एक माणूस. गाव, वय, काम, कशावर शिक्का, का. तेव्हाचे मतदार एकेक करून जातायत म्हणून सर दर रविवारी स्कूटरवरून हिंडायचे. पेडणे, सत्तरी, फेरीबोट करून दिवाडी. साष्टीत जाताना एका विद्यार्थ्याला दुभाष्या म्हणून घ्यायचे. खरं तर भाषा त्यांना येत होती, पण मालवणी उच्चार ऐकला की लोक पान म्हणायचे की फूल, यात फरक पडतो असं त्यांचं मत होतं.

परीक्षेत त्यांचा एक प्रश्न कधी चुकायचा नाही. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून डिसेंबर १९६६मध्ये बांदोडकरांचं सरकार पायउतार झालं, जानेवारीत विलीनीकरण हरलं, आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत लोकांनी त्यांच्या विलीनीकरणवादी मगोलाच, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच, पुन्हा निवडून दिलं. हे एकाच मतदाराने कसं केलं? आम्ही पानंच्या पानं लिहायचो. आजोबांच्या मते उत्तर एका शब्दाचं होतं, फितुरी. सरांचं उत्तर असं की कुळकायदा आणि गावोगाव निघालेल्या मराठी शाळा यांसाठी भाऊसाहेब हवे होते, गोवा पुसला जायला नको होता, आणि माणसाला दोन्ही एकदम हवं असू शकतं. मतदाराला एका प्रश्नाचं एकच उत्तर देता येतं म्हणून त्याच्या मनातही एकच असतं असं धरू नका, हे त्यांनी माझ्या पेपरावर लाल शाईत लिहिलं होतं. मला बारा पैकी पाच दिले होते, हेही लिहिलं पाहिजे.

१९९४च्या एप्रिलमध्ये आठवड्याभरात मुख्यमंत्री दोनदा बदलले, विल्फ्रेड डिसोझा जाऊन रवी नाईक आले आणि रवी नाईक जाऊन पुन्हा डिसोझा. आमची परीक्षा तोंडावर होती. कोणीतरी विचारलं, सर, मुख्यमंत्री म्हणून कोणाचं नाव लिहायचं? ते म्हणाले, "तारीख घालून लिही."

वडिलांनी १९६७ला कशावर शिक्का मारला, हे आम्ही सरांना विचारायचोच. मतदान सरांच्याच शाळेत होतं, त्यामुळे अकरा वर्षांच्या सरांना सुट्टी. वडील बोटाला शाई लावून घरी आले, आईने विचारलं, तर म्हणाले, "आपला नाव यादीत आसा मां? मगे झाला." एवढंच. यावर सर पुढे सांगायचे की गिरगावात खोली करून राहिलेल्या, गणपतीला न चुकता गावी येणाऱ्या गोंयकाराला त्या कौलात मत नव्हतं. बाहेर राहणाऱ्यांना मत द्या ही मागणी झाली होती, ती मान्य झाली नाही. आणि पाच वर्षांपूर्वी आलेल्या खलाशाला होतं. "म्हणजे गोंयकार बाहेर आणि भायलो आत," असं म्हणून ते खडूची पूड झटकायचे. पण वडिलांचं मत कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, माहीत असून लपवतात. वेंगुर्ल्याचा माणूस, फुलावरच मारला असणार, आता उघड बोलायची पंचाईत. असं मी एकदा मैत्रिणीला म्हटलंही.

निवृत्तीनंतर एका गावातल्या व्याख्यानात, नाव नको, सर याच विषयावर बोलले. प्रश्नोत्तरांत मागून एक जण उठला आणि म्हणाला, आमचा इतिहास आम्हाला भायल्यांनी शिकवायचा का? आयोजक गप्प. मीही तिसऱ्या रांगेत गप्प. सरांनी विचारलं, "तुमचा मतदारसंघ कुठला?" त्याने सांगितला. सरांनी त्या मतदारसंघाच्या १९६३पासूनच्या आमदारांची नावं ओळीने म्हटली आणि पाण्याचा घोट घेतला. लोक हसले, टाळ्या पडल्या. परतीच्या वाटेवर गाडीत मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. फेरीवर उतरून कठड्याशी उभे राहिले. खाणी बंद पडल्यापासून काठाला लागून गंजत असलेली एक बार्ज होती, तिच्याकडे बघत.

नोव्हेंबरात मी वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, भेटायला सारमानसला गेले. डबे कोणाला द्यायचे, हे त्यांना विचारायचं होतं. आम्ही झाकण उघडून बसलो तोच बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या बूथ अधिकारी, आल्या. मतदारयादीची सखोल फेरतपासणी चालू होती, घरोघर फॉर्म वाटत होते. तरुण बाई, उन्हाने लाल झालेल्या, गळ्यात ओळखपत्र. एक फॉर्म वहिनींचा, एक सरांचा, वर त्यांचा छोटा फोटो छापलेला. विसेक वर्षांपूर्वीच्या यादीतलं नाव शोधायला लागत होतं. वहिनी उठल्या आणि आतून प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. सरांनी सगळं काढून ठेवलं होतं, मतदानकेंद्राचा भाग, अनुक्रमांक, स्वतःचा, वहिनींचा आणि वडिलांचाही.

"असे सगळे असते तर माझं काम दोन दिवसांत झालं असतं," बीएलओ म्हणाल्या. मग सरांचा फॉर्म त्यांनी परत घेतला, त्यावर पेनने 'मयत' लिहिलं आणि मरणाची तारीख विचारली. वहिनींनी तिथी सांगितली. मी तारीख सांगितली.

त्या गेल्यावर आम्ही पुन्हा कार्डांकडे वळलो. तालुक्यावार लावलेली, मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे. वडिलांचं कार्ड मी आधी शोधलं. सारमानस, खलाशी, वय ३४. 'कशावर' या ओळीत: विचारलं नाही. 'का' या ओळीत काही नाही.

डिचोलीच्या गठ्ठ्यात पंधराव्या कार्डावर आमच्या घराचा पत्ता. आजोबांचं वय बरोबर होतं, बैलगाडी होती, न पेटलेली चूल होती. फूल. सगळ्यात खाली बारीक अक्षरात: खोली नाही. चहा दोनदा. पाणी नातीने आणलं.

वहिनी म्हणाल्या, तुझंच आहे, ने. मी मोबाइलवर फोटो काढला आणि कार्ड चौदा आणि सोळाच्या मध्ये परत लावलं.