तुम्ही विचारलेत म्हणून : ऑक असताना जेसन कशाला?

"एका ओळीच्या ऑकने जे काम होते, त्यासाठी आधी जेसन बनवायचे आणि मग ते जेक्यूने वाचायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला?" (ऑक म्हणजे मजकुराच्या ओळी रकान्यांत तोडून वाचणारे हत्यार, जेसन म्हणजे प्रत्येक माहितीला नाव देऊन लिहिण्याची पद्धत, आणि जेक्यू म्हणजे ते जेसन वाचणारे हत्यार.) हिंगणघाट तालुक्यातील जिनिंगांमध्ये संगणक सांभाळणारी तरुण मुले मला हे नेहमी विचारतात आणि विचारताना थोडी हसतातही. मला ऑक येत नाही, असा त्यांचा समज असावा. १९७७ सालच्या त्या हत्याराबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती माणसाने डोळ्यांनी वाचावे म्हणून छापलेल्या तक्त्याला माहितीचा साठा मानण्याबद्दल.

एका जिनिंगच्या सर्व्हरवर माझ्या आधीच्या माणसाची ऑकची स्क्रिप्ट होती. डिस्क किती भरली ते तक्त्यात दाखवणाऱ्या डीएफ या आज्ञेच्या पाचव्या रकान्यातील टक्केवारी ९० च्या वर गेली की मालकांच्या मोबाइलवर संदेश जाई, नाही तर नोंदवहीत 'सर्व ठीक' अशी ओळ पडे. पुढे डिस्क बदलताना मांडणी एलव्हीएमची (डिस्कची जागा हवी तशी वाटून देणाऱ्या लिनक्सच्या सोयीची) झाली आणि डिव्हाइसचे नाव लांबले. त्या जुन्या लिनक्सवरील डीएफ, नाव रकान्यात मावले नाही की उरलेले आकडे खालच्या ओळीवर ढकलत असे. त्यामुळे नावाच्या ओळीत पाचवा रकाना उरला नाही आणि खालच्या ओळीत त्या जागी माउंटची, म्हणजे डिस्क कुठे जोडली आहे ते सांगणारी, तिरपी रेघ येऊन बसली. रिकामी जागा असो वा तिरपी रेघ, तिची संख्या करायला सांगितली की ऑक शून्य धरतो, आणि शून्य काही ९० पेक्षा मोठे नसते. डिस्क भरली ती दिवाळीनंतर, कापसाची आवक ऐन भरात असताना. काटापट्टीची नोंद जतन होईना, म्हणून वजनकाटा थांबला. फाटकाबाहेर बंड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली, भाड्याने ट्रॅक्टर आणलेले कास्तकार "काटा काऊन बंद हाय जी?" असे विचारत खिडकीतून डोकावू लागले, मालक माझ्यामागे उभे राहिले, आणि माझ्यासमोरच्या पडद्यावर त्याच सकाळची ओळ होती : सर्व ठीक. स्क्रिप्ट कोलमडली असती तर मला राग आला नसता; ती चालत राहिली, याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हाचा मी आजच्या मला इथे लगेच अडवतो : डीएफला मोठ्या पीचा पर्याय दिला असता तर प्रत्येक नोंद एकाच ओळीत आली असती, मग मधे जेसी हे जेसन बनवून देणारे हत्यार कशाला? हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. परंतु नेटवर्कचे पत्ते दाखवणाऱ्या आयएफकॉन्फिग या आज्ञेने पुढे 'आयनेट'नंतरचा 'अ‍ॅडर' हा शब्द गाळला, तेव्हा कोणता पर्याय कामी आला असता? जेसीसुद्धा शेवटी तोच मजकूर वाचून त्याचे जेसन करतो, हे मला ठाऊक आहे. फरक एवढाच की वाचण्याचे काम एका ठिकाणी, चाचण्यांसह होते, माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये वेगवेगळे होत नाही. डिस्का दाखवणारी एलएसबीएलके किंवा नेटवर्क दाखवणारी आयपी यांसारख्या आज्ञा स्वतःच जेसन देतात, तिथे तर हा मधला दुवाही लागत नाही.

आता तुम्ही न विचारलेले सांगतो. जेक्यूमध्ये नसलेली किल्ली, म्हणजे माहितीचे नाव, मागितली की नल, म्हणजे 'काहीच नाही', मिळते, आणि नल ९० पेक्षा मोठे आहे का असे विचारले तर उत्तर 'नाही' असेच येते. म्हणजे तीच मुकी चूक जेसनमध्येही होऊ शकते. म्हणून टक्केवारी ही खरोखर संख्या आहे की नाही हे मी तुलनेआधी तपासतो आणि नसेल तर स्क्रिप्ट तिथेच पाडतो. तुमच्या एका ओळीच्या त्यामुळे माझ्याकडे पाच ओळी होतात, हे मान्य. आणि ज्या जुन्या यंत्रावर जेसीला लागणारे पायथन ३ बसत नाही, तिथे आजही माझाच ऑक चालू आहे, डीएफला पी लावून.